सासऱ्यांच्या वहीत चौदा लाल खुणा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: नागपूरच्या मानेवाडा भागातून एका ताईंनी लिहिलं आहे. त्यांनी चित्रकलेची पदविका घेतली आहे आणि त्या घरूनच पॅकेजिंग डिझाइनचं काम करतात. सासरे ६६ वर्षांचे, सरकारी नोकरीतून निवृत्त. दिवाळीनंतर त्यांनी चित्रकला अगदी पहिल्यापासून शिकायला घेतली. आधी नुसत्या रेघा, मग लंबवर्तुळं, मग खोके, आता शेडिंग. रोज संध्याकाळच्या चहाला वही समोर यायची, ‘सांग बरं, कसं झालं?’ ताई इतके महिने ‘छान आहे बाबा’ म्हणत आल्या. मग एक दिवस सासरे म्हणाले, ‘छान-छान पुरे झालं, काय चुकलं ते सांग.’ ताईंनी लाल पेन घेऊन एका पानावर १४ खुणा केल्या. त्या दिवसापासून वही चहाला आलेली नाही. काढणं मात्र थांबलेलं नाही, गॅलरीत पेन्सिलीची सालपटं रोज दिसतात. नवरा म्हणतो, ‘काहून त्यांचं मन दुखवलंस? या वयात त्यांना कुठं आर्टिस्ट व्हायचं आहे?’ ताईंचे प्रश्न तीन: खरं सांगायला नको होतं का, वडीलधाऱ्या माणसाला चुका सांगायच्या कशा, आणि त्यांना एखाद्या क्लासला घालावं का. सोबत वहीतल्या चार पानांचे फोटो आहेत, आणि भांडी मांडून काढलेल्या पानासाठी त्या मांडणीचाही.

ताई,

त्या १४ खुणांपासूनच सुरुवात करू. पानावर पाच भांडी आहेत: गडवा (तांब्या), गंज (पातेलं), स्टीलचे दोन ग्लास आणि एक डबा. तुमच्या सहा खुणा लंबवर्तुळांच्या टोकदार झालेल्या कडांवर आहेत, दोन केसाळ रेघांवर, चार सपाट बुडांवर. एक गडव्याच्या कललेल्या तोंडावर, आणि एक गंजाची डावी बाजू उजवीपेक्षा फुगली त्यावर. एकही खूण चुकीची नाही. पण हिशेब पुन्हा मांडला तर चुका तीनच निघतात.

बाबा लंबवर्तुळ दोन कमानींत काढत आहेत. वरची कमान काढायची, पेन्सिल उचलायची, खालची कमान जोडायची. दोन कमानी जिथे भेटतात तिथे टोक येणारच, कितीही जपून जोडल्या तरी. आणि जपून जोडायच्या म्हणून हात हळू चालतो, रेघ मध्येच तुटते, तुटलेली सांधायला तिच्यावर दुसरी येते. केसाळ रेघ ती हीच. म्हणजे आठ खुणांचं मूळ एक. पेन्सिलीचं टोक कागदाच्या जरा वर धरून तीन-चार वेळा हवेतच पूर्ण फेरा मारायचा आणि फिरता हात न थांबवता टोक खाली टेकवून सलग दोन फेरे काढायचे. दोन्ही फेरे एकमेकांवर तंतोतंत बसणार नाहीत. सुरुवातीला दोन-तीन मिलिमीटरची फट राहू द्यावी. ती बुजवायला वेग कमी केला की टोकं परत आलीच म्हणून समजा. लंबवर्तुळ कितीही चपटं असलं तरी त्याची टोकं गोलच वळतात, आणि तो वळण घेणारा हात थांबून चालत नाही.

सपाट बुडांचं कारण वेगळं आहे. ग्लास सपाट टेबलावर उभा आहे, तेव्हा त्याचं बूड सपाट, हे आपल्याला माहीत असतं, आणि नवशिका हात दिसतं त्यापेक्षा माहीत असतं ते काढतो. प्रत्यक्षात खुर्चीत बसून टेबलावरच्या ग्लासकडे पाहिलं की बुडाचं लंबवर्तुळ तोंडापेक्षा जास्त उघडं दिसतं, कारण ते नजरेच्या पातळीपासून जास्त खाली असतं. हे सांगून पटत नाही, दाखवावं लागतं. काचेचा सरळ ग्लास घ्या आणि अर्धा पाण्याने भरा. स्टीलचा यासाठी कुचकामी, आतलं दिसत नाही आणि वरून चकाकतो. काठ, पाण्याची पातळी आणि बूड अशी तीन वर्तुळं दिसतील, वरून खाली क्रमाने जास्त उघडी होत गेलेली. आता ग्लास हळूहळू डोळ्यांसमोर उचला. काठ नजरेच्या पातळीला आला की त्याची नुसती आडवी रेघ होते. त्याहून वर गेला की कमान उलटते. वस्तीतल्या उंच पाण्याच्या टाकीकडे रस्त्यावरून पाहिलं तर तिच्या कडांची कमान वर वळलेली दिसते ती यामुळेच. हा प्रयोग बाबांच्या हातांनी होऊ द्या, तुम्ही फक्त ग्लास भरून द्या.

उरलेल्या दोन खुणा, कललेलं तोंड आणि फुगलेली बाजू, या मधली उभी अक्षरेषा न आखल्यामुळे आल्या. आधी अक्ष, मग त्याला काटकोनात लंबवर्तुळाची लांब बाजू, मग कडा. तपासणी सोपी आहे: भांड्यावर बटर पेपर ठेवून बाह्यरेषा आणि अक्ष उतरवायचा, अक्षावर घडी घालून कागद उजेडासमोर धरायचा. डावी-उजवी बाजू कुठे जुळत नाही ते स्वच्छ दिसतं, कुणी सांगावं लागत नाही.

आणि एक गोष्ट तुमच्या लाल पेनातून सुटली आहे, खरं तर तीच पानावर सगळ्यात आधी डोळ्यांत भरते. मांडणीच्या फोटोत गंजाची उंची त्याच्या रुंदीच्या जेमतेम पाऊणपट आहे. चित्रात ती रुंदीइतकी झाली आहे. पाचही भांडी अशीच वर ताणलेली आहेत. सगळ्याच वस्तू एकाच दिशेने बिघडल्या की नजरेवर संशय घेण्याआधी बैठक तपासावी. वही टेबलावर आडवी पडलेली असली की कागदाचा वरचा भाग डोळ्यांपासून दूर जातो आणि आखूड दिसतो. काढणारा नकळत तो लांबवतो. वही उभी धरली की तो लांबलेला भाग उघडा पडतो. ड्रॉइंग बोर्डाच्या मागच्या कडेखाली चार-पाच जाड पुस्तकं ठेवली, म्हणजे कागद नजरेला साधारण काटकोनात आला, की निम्मा ताण त्याच दिवशी जाईल. ही चूक टेबलाची होती आणि ती बाबांच्या नावावर जमा व्हायला नको.

आता तुमचा पहिला प्रश्न. ‘छान आहे बाबा’ आणि १४ खुणा ही तुम्हाला दोन टोकं वाटतात, एक मन राखणारं आणि एक खरं. मला त्यांच्यात एक उणीव सारखीच दिसते: दोन्हींतून बाबांना दुसऱ्या दिवशी हाताने काय वेगळं करायचं ते कळलं नाही. ‘छान’ने काहीच बदलायला सांगितलं नाही, आणि चौदा ठिकाणी एकदम बदलायला सांगणं हेही काहीच न सांगण्यासारखं आहे. म्हणून खरं सांगावं की नाही, यावर तुम्ही अडकू नका. सांगायचं ते खरंच. मात्र सांगण्यापूर्वी खुणांमागचं कारण शोधण्याचं काम तुमचं. सहा महिन्यांच्या शिकाऊ माणसाला ते जमत नाही, तुम्हाला जमतं, आणि तुमच्या पदविकेचा इथं खरा उपयोग तोच आहे.

तुम्ही आणि तुमच्या यजमानांनी आणखी एक गोष्ट धरून चालली आहे, की बाबा दुखावले. असतीलही. पण सालपटं रोज पडत आहेत, म्हणजे माणूस चित्रावर रुसलेला नाही. वही फक्त चहाच्या टेबलावरून गेली आहे. त्या टेबलावर मुलगा बसतो, कदाचित नातवंडंही. ज्या घरात आजवर सह्या करून कागद तपासले ते त्यांनी, तिथे सगळ्यांदेखत आपलं पान तपासलं जाणं हे चौदा खुणांपेक्षा जड गेलं असण्याची शक्यता जास्त वाटते. आणि पेन लाल, तोही थेट त्यांच्या पानावर. शिकणाऱ्याच्या पानावर दुसऱ्याने काहीही काढू नये, हा नियम मी लहान-मोठ्या सगळ्यांसाठी पाळायला सांगेन. दुरुस्ती दाखवायचीच असेल तर वर बटर पेपर ठेवा. दाखवून झालं की तो उचलता येतो आणि खाली त्यांचं पान त्यांचंच राहतं.

‘कसं झालं?’ या प्रश्नाबद्दलही थोडं. आपल्याकडे बहुतेकांचा चित्रकलेशी संबंध कला संचालनालयाच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट ग्रेड परीक्षांमधून आलेला असतो. तिथे पूर्ण झालेलं चित्र तपासतात आणि ए, बी, सी असा शेरा मिळतो. परीक्षेला ते ठीकच. पण बाबा वहीत काढतात ती चित्रं नाहीत, सराव आहे. सरावाच्या पानाला शेरा देता येत नाही. त्याला एवढंच विचारता येतं, की ज्यासाठी हा सराव होता ते इथं घडलं का? लंबवर्तुळाच्या पानावर गडवा देखणा आहे की नाही हा मुद्दाच नाही, हात न थांबता फिरला का हा आहे. म्हणून त्यांनी ‘कसं झालं’ विचारलं की लगेच उत्तर देऊ नका. आधी विचारा, ‘बाबा, आज काय जमवायला बघत होतात?’ उत्तर मिळालं तर फक्त तेवढ्यापुरतं बोला. ‘काही नाही, असंच काढत होतो’ असं उत्तर आलं तर पहिली सुधारणा तीच: पानाच्या कोपऱ्यात तारीख आणि त्या पानाचा उद्देश एका ओळीत लिहून मग पेन्सिल उचलायची.

बाकीची तीन पानं. रेघांच्या पानावर १५ सेंटिमीटरच्या आडव्या रेघा आहेत आणि जवळपास प्रत्येक रेघ मधोमध वर फुगलेली आहे. कोपर टेबलावर टेकवून हात फिरवला की पेन्सिल कोपराभोवती वर्तुळाचा तुकडा काढते, फुगवटा कोपरापासून लांबच्या बाजूला येतो. दोन-तीन सेंटिमीटरच्या रेघेला मनगट पुरतं, एवढ्या लांब रेघेला कोपर उचलून सगळा हात खांद्यातून हलवायला हवा. कागदही वाकडा करून घ्यावा, रेघ हाताला सोयीच्या दिशेला येईपर्यंत. सरळ बसून आडवीच रेघ मारली पाहिजे असं कुणी सांगितलेलं नाही. दोन टिंबं, हवेत दोन-तीन फेऱ्या, मग एका दमात. रेघ टिंबाच्या पुढे गेली तर जाऊ द्या. आधी ती गुळगुळीत यावी, नेमकी थांबणं नंतर शिकता येतं. उलट क्रमाने शिकलं की हात टिंबाकडे बघत कापत जातो. तपासणीला पट्टी पुरते: रेघेला लावून मधली फट किती मिलिमीटर ते शेजारी लिहायचं. आज चार, पुढच्या आठवड्यात तीन, असं बाबांचं त्यांनाच कळेल.

खोक्यांच्या पानावर खोके मागच्या बाजूला पसरत गेले आहेत. हीसुद्धा माहीत असलेलं काढण्याची खोड. मागची कड पुढच्या कडेएवढीच असते हे ठाऊक, म्हणून ती तेवढीच, किंवा जरा मोठीच काढली जाते. तिथे तुम्ही काहीही बोलू नका. रंगीत पेन बाबांच्याच हातात द्या आणि मागे जाणाऱ्या समांतर कडा प्रत्येकी १० सेंटिमीटर पुढे वाढवायला सांगा. एका खोक्यात अशा कडांचे गट असतात, प्रत्येक गटात चार कडा. वाढवलेल्या रेघा दूर जाताना एकमेकींकडे झुकल्या तर बरोबर, फाकल्या तर त्या खोक्यात गडबड. एकाच लोपबिंदूत, म्हणजे मागे जाणाऱ्या रेघा जिथे मिळतात त्या बिंदूत, तंतोतंत मिळाव्यात असा आग्रह पहिल्या दोनशे खोक्यांपर्यंत तरी धरू नये. आणि लोपबिंदू खोक्याच्या फार जवळ घेतले तर खोका कोपऱ्यातून ओढल्यासारखा दिसतो, ते कागदाबाहेरच असलेले बरे. एकदा वर्धा रोडवर फुटपाथवर उभं राहून उड्डाणपूल आणि त्याच्या डोक्यावरची मेट्रो लांबवर बघायला सांगा. वरच्या कडा खाली उतरत जातात, रस्त्याच्या कडा वर चढत जातात आणि सगळ्या डोळ्यांच्या पातळीकडे झुकतात. पुस्तकातल्या क्षितिजरेषेपेक्षा हे लवकर पटतं.

शेडिंगचं पान सगळ्यात कच्चं आहे, पण त्यातली निम्मी अडचण वस्तूच्या निवडीची आहे. नागपूरकर शेडिंगला संत्रं घेणार हे ओघानेच आलं. पण संत्र्याला स्वतःचा रंग आहे, सालीवर खड्डे आहेत, वर तकाकी आहे. नवशिक्याला रंगाचा गडदपणा कुठला आणि सावलीचा कुठला ते वेगळं करता येत नाही. त्यापेक्षा टेबल टेनिसचा पांढरा चेंडू घ्या. खोलीतली ट्यूबलाइट बंद, पडदा ओढलेला आणि एका बाजूने एकच टेबल लॅम्प. बाबांच्या संत्र्याला दोन पडछाया आहेत, एक खिडकीची आणि एक ट्यूबची, म्हणून ते तरंगल्यासारखं वाटतं. चेंडूआधी छटांची पट्टी: दोन सेंटिमीटरचे पाच चौकोन, पहिला कोरा, पाचवा ४बी किंवा ६बी या मऊ, गडद पेन्सिलीने जमेल तितका काळा, मधले तीन त्यांच्यामध्ये सारख्या अंतराने. सगळं नेहमीच्या एचबी पेन्सिलीने केलं तर चौथा-पाचवा चौकोन एकच होतो, आणि चित्र राखाडी राहतं. बोटाने घासून छटा मिसळणं सध्या बंदच ठेवा. डोळे किलकिले करून पाहिलं की चौकोनांमधल्या उड्या दिसतात. चेंडूवर मग सावलीचा सर्वांत गडद पट्टा कडेला न येता जरा आत येतो आणि कडेजवळ टेबलावरून परतलेला प्रकाश किंचित उजळ दिसतो. तो उजळपणा सावलीतलाच आहे, उजेडातल्या कुठल्याही भागाहून तो गडदच राहायला हवा. इथे बहुतेक जण घसरतात. पडछाया चेंडू जिथे टेकतो तिथे सगळ्यात काळी.

हे सगळं एका दिवसात सांगायचं नाही, हे वेगळं लिहायला नको. एका पानाला एक गोष्ट. आणि ती सांगण्याआधी पानावर जमलेली जागा दाखवा, कारणासकट: ‘बाबा, हे तिसरं लंबवर्तुळ बघा, इथं हात थांबला नाही, म्हणून टोकं गोल आली.’ नुसत्या ‘छान’मध्ये आणि यात फरक हा, की यातून त्यांना ते पुन्हा करता येतं. मग एकच दुरुस्ती, तीही रेघेबद्दल: ‘इथं रेघ दोनदा अडली आहे.’ ‘तुम्ही इथं चुकलात’ म्हणायची गरज पडत नाही आणि खोटंही बोलावं लागत नाही. सून म्हणून सासऱ्यांना सांगण्याचा संकोच निम्मा इथेच सुटतो. शेवटी, उद्या काय करायचं ते: ‘उद्या वीस फक्त ग्लासचे काठ काढता का, दोन-दोन फेऱ्यांचे?’

रोज सांगू नका. हे मनाचं म्हणत नाही. साल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर या संशोधकांनी १९८४ साली हालचालींच्या शिक्षणावरच्या प्रयोगांचा आढावा घेतला. त्यातला मुद्दा असा, की प्रत्येक प्रयत्नानंतर निकाल सांगत राहिलं तर सरावादरम्यान कामगिरी चांगली दिसते, पण सांगणारा बाजूला झाला की ती टिकत नाही. शिकणारा सांगण्यावर टेकून राहतो. क्लुगर आणि डेनिसी यांनी १९९६ साली अभिप्रायावरचे जुने प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा एक तृतीयांशाहून जास्त वेळा अभिप्रायामुळे काम सुधारण्याऐवजी बिघडलेलं आढळलं, आणि लक्ष कामावरून माणसावर गेलं की परिणाम उणावतो असं त्यांचं म्हणणं. तेव्हा आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी वगैरे, पंधरा-वीस मिनिटं पुरे. मधले सहा दिवस पट्टी, बटर पेपर आणि रंगीत पेन त्यांना सांगतील.

त्या पंधरा मिनिटांत तुम्हीही पेन्सिल घेऊन शेजारी बसून तोच ग्लास काढलात तर बोलायची गरज आणखी कमी होईल. तुमचा खांदा हलताना त्यांना दिसेल. तुमचेही दोन फेरे जुळणार नाहीत, तेही दिसेल. चहाच्या वेळेपेक्षा सकाळ निवडा. एक तर तिथे कुणी नसतं. दुसरं, उन्हाळ्यात दुपारी-संध्याकाळी कूलर चालू असतो आणि त्याच्या ओल्या हवेत कागद सादळतो. सादळलेल्या कागदावर ४बी धड उमटत नाही आणि खोडरबर फिरवला की तंतू उठतात. घामेजल्या तळव्याखाली एक कोरा कागद ठेवायची सवय बाराही महिने बरी.

यजमानांच्या ‘या वयात’ला एक उत्तर आहे. वय आड येतं ते डोळ्यांत आणि मानेत, शिकण्यात नाही. बाबांचा चष्मा प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल असेल तर जवळचं दिसणारा भाग भिंगाच्या खालच्या बाजूला असतो. मी वर बोर्ड उंच करायला सांगितलं खरं, पण तो फार उभा केला तर कागदाचा वरचा भाग भिंगाच्या दूरच्या भागातून बघावा लागतो, अस्पष्ट दिसतो आणि माणूस हनुवटी वर करून मान दुखवून घेतो. अशा वेळी बोर्ड थोडा कमी तिरका ठेवा, किंवा चष्मेवाल्याकडून हाताच्या अंतरासाठी एकाच नंबरचा वेगळा चष्मा करून घ्या. हात थोडा थरथरत असेल तर वेगाने काढलेल्या मोठ्या रेघेत ते कमी दिसतं, लहान सावकाश रेघेत जास्त. जाड दांड्याची पेन्सिल सोयीची पडते. थरथर नव्याने सुरू झाली असेल किंवा वाढत असेल तर ते डॉक्टरांना दाखवायचं, चित्रकलेच्या सल्ल्याचा तो विषय नाही.

रोज अर्धा तास काढत असतील तर त्यातली पंधरा मिनिटंच सरावाला. उरलेली पंधरा मनाला येईल ते, आणि त्या पानांवर तुम्ही काहीही बोलायचं नाही, विचारलं तरी फक्त बघायचं. घरात तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे मुलांच्या पोळ्याचा, लाकडी नंदी असेलच कुठल्या तरी माळ्यावर. तो खाली काढून द्या. धड म्हणजे जाडजूड नळकांडं, पाय म्हणजे खोके, खालच्या गाड्याची चाकं म्हणजे लंबवर्तुळं. सरावातलं सगळं त्यात येतं आणि तरी तो सराव वाटत नाही. महिन्याभराने तोच नंदी पुन्हा काढायला सांगा, आधीचं पान न दाखवता, मग दोन्ही शेजारी ठेवा.

ज्यांचा शिकणारा दुसऱ्या गावी आहे आणि पानं व्हॉट्सॲपवर येतात, त्यांनी बोलण्याआधी फोटो नीट मागवावा. फोन तिरका धरला की चौकोनाचा समलंब होतो आणि लंबवर्तुळं आणखी चपटी दिसतात. जवळून धरला की कडा वाकतात. कागद खिडकीजवळ जमिनीवर, फोन कागदाला समांतर, निदान दोन हात वरून, मग हवं तेवढं कापून पाठवायचं. पांढरा कागद फोनमध्ये राखाडी येतो, त्यामुळे छटांबद्दल फोटोवरून मत देऊ नये. आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांना यातलं काहीही लावू नका. त्यांना खोके आणि छटापट्ट्या नकोत, मोठे कागद आणि जाड खडू हवेत.

क्लासचं म्हणाल तर घाई नको, पण नकारही नाही. आपल्या वस्त्यांमधले बरेच क्लास ग्रेड परीक्षांच्या तयारीचे असतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र ठरावीक महिन्यांत उरकायचं असतं आणि बाकावर सगळी शाळकरी मुलं. तिथे बाबा वयाने अवघडतील आणि त्यांचा पाया मध्येच सुटेल. फी भरण्याआधी एक तास नुसतं बसू देतात का ते विचारा. समोर खऱ्या वस्तू मांडतात की चित्रावरून चित्र उतरवायला देतात, ते पाहा. शिक्षक शिकणाऱ्याच्या हातून पेन्सिल घेऊन त्याच्याच कागदावर ‘हे बघ, असं’ करतात का, तेही. तसं करत असतील तर दुसरा क्लास शोधा. मोठ्या माणसांची वेगळी बॅच सकाळची असेल तर एक महिना जाऊन पाहायला हरकत नाही. मात्र क्लास सुरू झाला की तुमचा रविवार बंद करा, किंवा शिक्षकांनी त्या आठवड्यात काय सांगितलं ते विचारून तेवढ्याबद्दलच बोला. दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या की गोंधळ बाबांचा होतो.